यमू : ‘पण लक्षात कोण घेतो!’ची नायिका

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या सामाजिक कादंबरीची नायिका आणि निवेदिका. हरिभाऊंनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. एका मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातल्या मुलीने स्वतःच सांगितलेली आपली हकिकत, असे तिचे रूप आहे. मराठी कादंबरीत स्त्रीच्या ‘मी’ला इतका सलग आणि इतक्या जवळून आवाज याआधी मिळाला नव्हता. पुरुष लेखकाने तो दिला, ही गोष्ट तिची थोरवी सांगताना आणि तिच्या मर्यादा मोजताना सारखीच लक्षात ठेवावी लागते.

काळ मोठ्या खळबळीचा होता. पतीकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंवरील खटला १८८४ ते १८८८ या काळात गाजला. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही मुख्यतः विधवांसाठीची शाळा व वसतिगृह काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आले. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला. त्याने शरीरसंबंधासाठी मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षे केले आणि त्यावरून पुण्यात सुधारक व सनातनी उघड समोरासमोर उभे राहिले. वाचक दर आठवड्याला यमूची हकिकत वाचत होते, ती हा वाद चालू असताना. मात्र हरिभाऊ व्याख्यान देत नाहीत. ते वाचकाला सरळ माजघरात नेऊन बसवतात.

स्त्री-पुरुष संबंधांचे पहिले धडे यमूला माहेरीच मिळतात. वडील तापट, त्यांची चाहूल लागली की घर गप्प होते. आई सोसणारी. दादा, म्हणजे थोरला भाऊ, जिवाभावाचा, पण त्याची वाट शाळेची आणि यमूची चुलीची, हे कुणीही न सांगता ठरलेले. आई जाते आणि वडील लवकरच दुसरे लग्न करतात. त्याबद्दल कुणाला काही वावगे वाटत नाही. वाचकाने ही घटना मनात धरून ठेवावी, कारण कादंबरीच्या शेवटी जोडीदार जाण्याचा प्रसंग यमूवर येतो आणि तेव्हा तेच जग तिच्याशी कसे वागते, ते आपण पाहतो. बालमैत्रीण दुर्गीचा संसार या हकिकतीला लागूनच चालतो. उनाड आणि निर्दय नवऱ्याच्या हाती पडलेली दुर्गी पाहिली की कळते : यमूला समंजस नवरा मिळाला तो केवळ नशिबाने.

यमूच्या भाषेकडे अभ्यासकांनी आणखी लक्ष द्यायला हवे. घरंदाज रीतीप्रमाणे ती पतीचे नाव घेत नाही. ‘इकडून’, ‘स्वारी’ अशा शब्दांनी तिचे काम चालते. ‘इकडून येणं झालं’, ‘इकडून विचारणं झालं’ अशा वाक्यांत करणारा माणूस दिसतच नाही, नुसती क्रिया घडते. ज्याच्याभोवती सगळे आयुष्य फिरते त्याला वाक्याचा कर्ता करण्याची मुभा नाही! पण याच बोलीतून यमू लाज, ओढ, थट्टा आणि रुसवाही व्यक्त करते. नात्यातील अंतर सांगणारी भाषा तिच्या तोंडी जवळिकीची होते, आणि हरिभाऊंच्या कानाची ही मोठी कमाई आहे.

पुण्याचे सासर म्हणजे माणसांनी भरलेला वाडा. नवरा-बायकोने चारचौघांत बोलायचे नाही आणि बाईने पुस्तक हातात धरले तर टोमणे ठरलेले. सासरचे वडीलधारे शंकरमामंजी यांचा दरारा सगळ्यांवर. हे ढोंगी, कावेबाज पात्र मराठी वाचक विसरू शकलेला नाही. सासरच्या बायकांचे वागणेही कादंबरी लपवत नाही. यमूचा छळ पुरुषांइतकाच बायकांच्या तोंडून होतो, कारण त्या घरात बाईला मिळणारा अधिकार दुसऱ्या बाईवरच चालतो.

मुंबईचे वेगळे बिऱ्हाड हा कादंबरीचा सर्वांत उजळ भाग. इथे यमूचे पती रघुनाथराव आणि यमू एकत्र वाचतात, मोकळेपणी बोलतात. सुधारक विचारांच्या विष्णुपंतांचे घर आणि लक्ष्मीबाईंची सोबत मिळते. यमूला मते सुचू लागतात, ती मांडण्याचे धैर्यही येते. आत्मशोध म्हणावा असा प्रवास सुरू होतो तो इथे, आणि त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. यमूला स्वतःची ओळख पटते ती पतीच्या प्रेमातून आणि त्याच्या शिकवण्यातून. हे सहजीवन खरे आहे, त्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही. पण ते उभे आहे एका माणसाच्या चांगुलपणावर. त्याखाली ना कायद्याची जमीन आहे, ना मिळकतीची.

रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर हे उघडे पडते. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती, पण समाजाने ती दिली नव्हती. एकत्र कुटुंबातील विधवेला पतीच्या मिळकतीत वाटा नव्हता, हक्क होता तो अन्नवस्त्राचा. तिला मालमत्तेत हक्क देणारा कायदा व्हायला १९३७ साल उजाडले. म्हणजे यमूला परत त्याच वाड्यात, त्याच शंकरमामंजींच्या सत्तेखाली येणे भाग होते. तिचे जबरदस्तीने केशवपन होते. मुंबईत घडलेली, वाचणारी-विचार करणारी बाई एका दिवसात घराण्याच्या अब्रूची वस्तू बनते. या आघातातून यमू सावरत नाही.

कादंबरीचे जग ब्राह्मण घराचे आहे आणि केशवपनाची सक्ती मुख्यतः त्याच वर्गातली. त्या चौकटीबाहेरच्या बायका तिच्यात जवळपास दिसत नाहीत. शिवाय बायकांनी स्वतः लिहिलेले शब्द तिच्या आधीच छापले गेले होते. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ताबाईने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ चा, ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ची. ताराबाई थेट जाब विचारतात. यमू विचारते ते हळू आवाजात, आणि दोष बहुधा दैवाला देते. पुढे विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीतील अचला पतीपासून दूर झाल्यावर आपल्या पसंतीच्या पुरुषासोबत राहते आणि मातृत्व स्वीकारते. यमूच्या मनात असा पर्याय उमटणेही शक्य नव्हते.

यमूचा शोध कुठवर पोहोचला याचे उत्तर मात्र कथानकापेक्षा निवेदनात सापडते. ही हकिकत ती वैधव्यात, मागे वळून लिहिते. सुखाच्या प्रसंगातही पुढच्या दुःखाची सावली पडते ती त्यामुळे. बालपण, भातुकली, आईचा स्वभाव, सासरची भांडणे, मुंबईतल्या गप्पा, यांतले काय सांगायचे आणि किती वेळ त्यात रमायचे हे तीच ठरवते. ज्या शंकरमामंजींपुढे तिला तोंड उघडता आले नाही, त्यांचा एकेक डाव ती कागदावर उतरवून ठेवते.