आर्लेट, बझ

(३ जानेवारी १८९९ – १६ मे १९६४). अमेरिकन बेसबॉलपटू. आधी पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, नंतर आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक. पूर्ण नाव रसेल लोरिस आर्लेट. मायनर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या दुय्यम मानल्या गेलेल्या व्यावसायिक साखळी स्पर्धांत, त्याने ४३२ होम रन, म्हणजे एकाच फटक्यावर चारही बेसांचा फेरा पूर्ण करून धाव मिळवून देणारे फटके, मारले आणि ०.३४१ अशी सरासरी राखली. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च पातळीवर, तो एकच हंगाम खेळला, १९३१ चा. त्या हंगामातही त्याची बॅट चांगली चालली, पण पुढच्या वर्षी तिथल्या कोणत्याच संघात त्याला जागा मिळाली नाही. अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासावर संशोधन करणाऱ्या ‘सेबर’ या संस्थेने १९८४ मध्ये मायनर लीगचा आजवरचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड केली.

क्रिकेटची सवय असलेल्या वाचकासाठी आकड्यांचा थोडा खुलासा हवा. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे डावागणिक धावा नव्हेत. फलंदाजाच्या खात्यात धरल्या जाणाऱ्या संधींपैकी किती वेळा तो स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी एकावर, पोहोचला, त्याचे हे प्रमाण. दहापैकी तीनदा, म्हणजे ०.३००, जमले तरी फलंदाज उत्तम समजला जातो. आर्लेटने दहात जवळजवळ साडेतीनदा हे केले, आणि तेही वीस वर्षांच्या आसपास. बाकी आकडे बाजूला ठेवले तरी एवढ्यावरून त्याची उंची कळते.

कॅलिफोर्नियातील ओकलंडलगतच्या एल्महर्स्टमध्ये त्याचा जन्म झाला. त्याचा मोठा भाऊ पॅसिफिक कोस्ट लीगमधल्या ‘ओकलंड ओक्स’ संघात होता आणि १९१८ मध्ये बझही त्याच संघात दाखल झाला. पुढची तेरा वर्षे तो तिथून हलला नाही. ही लीग समजल्याशिवाय आर्लेट समजत नाही. त्या काळी मेजर लीगचे सोळा संघ होते आणि त्यांतला एकही सेंट लुइसच्या पश्चिमेला नव्हता. डॉजर्स आणि जायंट्स कॅलिफोर्नियात आले ते थेट १९५८ मध्ये. तोवर सिअ‍ॅटलपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या माणसांचे बेसबॉल म्हणजे पॅसिफिक कोस्ट लीगच. तिला ‘मायनर’ म्हणायची पद्धत पूर्वेकडच्या शहरांची. ओकलंडच्या प्रेक्षकाला आपला संघ कुणाची पायरी वाटत नसे.

हवा सौम्य असल्यामुळे तिथला हंगाम लांबलचक चाले. मेजर लीगमध्ये १५४ सामने व्हायचे, इथे २०० च्या घरात जायचे. एकाच प्रतिस्पर्ध्याशी आठवडाभर मुक्काम ठोकून खेळायचे, सोमवारी आगगाडीने पुढच्या गावी जायचे, मंगळवारी पुन्हा सुरू. रविवारी दोन सामने असत. ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्को समोरासमोर असले की रविवारचा पहिला सामना सकाळी खाडीच्या अलीकडे, एमरीव्हिलच्या ओक्स पार्कमध्ये होई आणि दुसरा दुपारी खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत. खाडीवरचा पूल १९३६ मध्ये झाला, म्हणजे आर्लेटच्या दिवसांत मधला प्रवास फेरीबोटीचा. सकाळी एका काठावर नऊ डाव, म्हणजे एक पूर्ण सामना, उन्हात उभे राहायचे, बोटीने पलीकडे जायचे आणि तिथे पुन्हा नऊ डाव. या लीगमधल्या आकड्यांकडे कुणी नाक मुरडले तर त्याला हा रविवार सांगावा.

पहिली पाच वर्षे आर्लेट पिचर होता. १९१९ ते १९२२ या चार हंगामांत त्याने ९५ सामने जिंकले. एकट्या १९२० मध्ये २९ विजय आणि ४२७ डाव, एका माणसाच्या एका खांद्यावर. त्याचे हत्यार होते ‘स्पिटबॉल’, म्हणजे थुंकी लावून बुळबुळीत केलेला चेंडू, जो फलंदाजाजवळ येताच अनपेक्षितपणे खाली झुकतो. नेमक्या त्याच १९२० मध्ये मेजर लीगने स्पिटबॉलवर बंदी घातली. आधीपासून तो टाकणाऱ्या मेजर लीगमधल्या मोजक्या १७ पिचरांना कारकीर्द संपेपर्यंत सूट मिळाली. आर्लेट तेव्हा मेजर लीगमध्ये नव्हताच, त्यामुळे त्या यादीत असण्याचा प्रश्न नव्हता. वर जायचे तर हातातली मुख्य कला खाली ठेवून जावे लागणार होते. हे दार त्याच्या एकविसाव्या वर्षीच बंद झाले, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

१९२३ मध्ये त्याचा हात दुखावला. एवढ्या चेंडूफेकीनंतर तो दुखावला नसता तरच नवल. बहुतेक पिचरांची गोष्ट इथे संपते. आर्लेटची फलंदाजी आधीपासूनच दमदार होती आणि तो दोन्ही बाजूंनी खेळू शकत असे, उजव्या हाताच्या पिचरला डावीकडून आणि डावखुऱ्याला उजवीकडून. म्हणून ओक्सने त्याला आउटफिल्डमध्ये उभे केले. आउटफिल्ड म्हणजे चारही बेसांपलीकडचे गवताचे मोठे पटांगण. डावा, मधला आणि उजवा असे तीनच क्षेत्ररक्षक ते सांभाळतात. उजव्या आउटफिल्डरच्या हातात सगळ्यांत जास्त जोर लागतो, कारण त्याला तिसऱ्या बेसपर्यंतचा सर्वांत लांबचा फेक टाकायचा असतो. सहा फूट तीन इंच उंची आणि शंभर किलोच्या आसपास वजन असलेला हा गडी चपळ दिसत नसे. चेंडूमागे तो सावकाश जातो, मनापासून धावत नाही, असा शिक्का त्याच्यावर बसला आणि शेवटपर्यंत पुसला गेला नाही.

बॅट मात्र बोलू लागली. पहिल्याच पूर्ण हंगामात ०.३३०, १९२४ मध्ये ३३ होम रन, १९२६ मध्ये ०.३८२ आणि ३५ होम रन. १९२७ मध्ये ओक्सने लीगचे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा त्याची सरासरी ०.३५१ होती. १९२९ चा हंगाम तर थक्क करणारा आहे. ०.३७४ सरासरी, ३९ होम रन, दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे ७० फटके, आणि त्याच्या फटक्यांवर पूर्ण झालेल्या १८९ धावा. तरी त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक बोलबाला झाला तो ‘मिशन’ संघाच्या आइक बून या दुसऱ्या आउटफिल्डरचा. त्याने ०.४०७ च्या सरासरीने ५५ होम रन मारले होते. या लीगमध्ये चांगला फलंदाज असून भागत नसे, कारण शेजारच्या गावातही तसाच एखादा उभा असायचा.

मग इतकी वर्षे त्याला वरून बोलावणे का आले नाही? क्षेत्ररक्षण कच्चे, हे नेहमीचे उत्तर, आणि ते पूर्ण नाही. खरी गोम पैशांत होती. तेव्हा मायनर लीगचे बहुतेक संघ स्वतंत्र मालकीचे होते. आजच्यासारखे ते मेजर लीगच्या एखाद्या संघाची तालीम नव्हते. खेळाडू विकणे हा त्यांच्या कमाईचा मोठा मार्ग होता. सॅन फ्रान्सिस्को सील्सने पॉल वेनर आणि हॅल ऱ्हाइन या दोघांना पिट्सबर्गला दिले ते १ लाख डॉलरला. असे सौदे पाहिलेल्या ओकलंडच्या मालकांनी आपल्या सर्वांत लोकप्रिय खेळाडूची किंमत भरमसाट ठेवली. ती ऐकून गिऱ्हाइके मागे फिरत. आर्लेट दर वर्षी गर्दी खेचत होता, त्यामुळे त्याला विकायची घाई ओक्सलाही नव्हती. शिवाय खेळाडूला स्वतः संघ निवडण्याचा हक्क नव्हता. करारातल्या ‘राखीव’ कलमामुळे संघ ठेवील तिथे त्याने राहायचे. आर्लेटमध्ये महत्त्वाकांक्षा नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हे कलम लक्षात घ्यायला हवे.

१९३० च्या उन्हाळ्यात संधी दारापर्यंत आली. मेजर लीगमधल्या ब्रुकलिन संघाला फलंदाज हवा होता आणि आर्लेटवर त्यांची नजर होती. त्याच सुमारास एका सामन्याच्या पंचाशी त्याची बाचाबाची झाली, पंचाने हातातला लोखंडी जाळीचा मास्क त्याच्या चेहऱ्यावर मारला आणि डोळ्याच्या वर खोल जखम झाली. आर्लेट खेळू शकत नव्हता. ब्रुकलिन थांबले नाही. त्यांनी आइक बूनला नेले.

अखेर १९३१ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, फिलाडेल्फिया फिलीजने त्याला घेतले. संघ कमकुवत होता, मेजर लीगच्या दोन शाखांपैकी नॅशनल लीगमध्ये त्या वर्षी आठांत सहावा आला. त्यांचे बेकर बोल मैदान मात्र बेसबॉलमधल्या चमत्कारिक जागांपैकी एक होते. उजवीकडची भिंत फलंदाजापासून जेमतेम ८५ मीटरवर, म्हणून चेंडू सहज पलीकडे जाऊ नये यासाठी ती जाळीसकट १८ मीटर उंच नेलेली. भिंतीवर पत्रा ठोकलेला होता आणि त्यावर लाइफबॉय साबणाची भलीमोठी जाहिरात रंगवलेली होती. चेंडू पत्र्यावर आदळला की मोठा आवाज होई आणि तो कुठल्याही कोनात उसळे. आउटफिल्डरने भिंतीला चिकटून उभे राहिले तर चेंडू डोक्यावरून मैदानात परत जाई, लांब राहिले तर पायाशी पडलेला चेंडू गाठायला उशीर होई. मंद पायांच्या खेळाडूची परीक्षा घ्यायची तर याहून कठीण जागा सापडली नसती.

आर्लेटने १२१ सामन्यांत ०.३१३ च्या सरासरीने १८ होम रन मारले. हा आकडा नुसता वाचला तर ‘बरा’ वाटतो. पण १९३० मध्ये नॅशनल लीगमधल्या सगळ्या फलंदाजांची मिळून सरासरी ०.३०३ होती. चेंडू फार उडतो अशी ओरड झाली आणि १९३१ पासून जाड कातड्याचा, उठावदार शिवणीचा चेंडू वापरात आला. लीगची सरासरी एका वर्षात ०.२७७ वर घसरली. म्हणजे आयुष्यभर वाट पाहिलेला माणूस वर पोहोचला तो फलंदाजांचे पंख छाटल्या गेलेल्या वर्षी, आणि तरीही लीगच्या कितीतरी वर राहिला. मधल्या दुखापतींनी त्याचा हंगाम तुटक झाला. हंगाम संपल्यावर फिलीजने त्याला सोडून दिले. हा निर्णय आकड्यांकडे पाहून समजावून सांगता येत नाही.

तो इंटरनॅशनल लीग या मायनर लीगमधल्या बॉल्टिमोर ओरिओल्सकडे गेला. तिथे १९३२ मध्ये ५४ होम रन मारून लीगमध्ये पहिला आला. १ जून रोजी रीडिंगविरुद्ध एकाच सामन्यात त्याने चार होम रन मारले. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क यांकीजच्या लू गेरिगने मेजर लीगमध्ये हाच पराक्रम केला. गेरिगचे नाव सगळ्या इतिहासांत आहे. आर्लेटने ४ जुलैला, पुन्हा रीडिंगविरुद्धच, आणखी चार मारले. एका सामन्यात चार होम रन दोनदा मारणारा एकही खेळाडू मेजर लीगने आजवर पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी ३९ होम रन झाले. १९३४ च्या सुरुवातीला काही सामने बर्मिंगहॅमकडून खेळून तो मिनिआपोलिस मिलर्समध्ये आला आणि उरलेल्या हंगामातच ४१ होम रन मारून अमेरिकन असोसिएशन या मायनर लीगमध्ये पहिला आला. इथे हेही सांगायला हवे की मिलर्सच्या निकोलेट पार्कमध्येही उजवी भिंत फार जवळ होती. त्याच संघाकडून जो हाउजरने १९३३ मध्ये ६९ होम रन मारले होते. पण १९३५ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, आर्लेटची सरासरी ०.३६० होती, आणि सरासरी नुसत्या जवळच्या भिंतीने वाढत नाही.

१९३७ मध्ये सिरॅक्यूजकडून मोजके सामने खेळून त्याने बॅट ठेवली. मिनिआपोलिसमध्येच तो स्थायिक झाला आणि तिथेच १९६४ मध्ये वारला. तोवर त्याचे घरचे मैदान, एमरीव्हिलचे ओक्स पार्क, जमीनदोस्त होऊन सात वर्षे झाली होती.

आज अशी कारकीर्द घडू शकत नाही. १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रांच रिकीने लहान गावांचे संघ विकत घेऊन त्यांत आपले खेळाडू वाढवायची पद्धत रुजवली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ सगळी मायनर लीग त्या साच्यात गेली. आता तिथला आउटफिल्डर मेजर लीगमधल्या संघाच्या पगारावर असतो. तो वर चढतो नाहीतर त्याला सोडून दिले जाते. एका गावाचा होऊन तेरा वर्षे राहणे, त्या गावासाठी २५१ होम रन मारणे, आणि ते गाव आपल्याला नावाने ओळखते हे माहीत असणे, हे आर्लेटला लाभले.

मेक्सिकन लीग धरली तर मायनर लीगमधल्या होम रनचा विक्रम हेक्टर एस्पिनोच्या नावावर आहे, ४८४ चा. अमेरिकेतल्या मायनर लीगपुरता आर्लेटचा ४३२ चा आकडा सुमारे आठ दशके टिकला. ३ ऑगस्ट २०१५ रोजी टोलेडो मड हेन्सच्या माइक हेसमनने ४३३ वा होम रन मारला. तेव्हा सगळे बेस भरलेले होते.