जोड आणि रांग : बडोद्याच्या स्वसंरक्षण शिबिरांची पार्श्वभूमी

परीक्षा आटोपल्या की बडोद्यात शिबिरांचे फलक लागतात. दोन दिवसांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण, सर्व वयोगटांसाठी, अनुभवाची अट नाही. या ‘सर्वांसाठी’चा खरा अर्थ मैदानात गेल्यावर कळतो. पुढे काळा पट्टा बांधलेला कॉलेजातला मुलगा, त्याच्यामागे नववीतली मुलगी, तिच्याशेजारी गुडघ्याला पट्टी बांधून आलेल्या काकू, आणि कोपऱ्यात लहानपणी तालमीत चार वर्षे घाम गाळलेले, आता पोट सुटलेले एक गृहस्थ. शिकवणारा एक, आणि शिकणाऱ्यांत असे अंतर. आजच्या प्रशिक्षकांना हा पेच नव्या काळाचा वाटतो. पण बडोद्याने तो गेल्या दीड शतकात दोनदा सोडवला आहे, आणि दोन्ही वेळची उत्तरे एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

जुनी बाजू आधी पाहू. गुजरातेत मल्लविद्या हा ज्येष्ठीमल्लांचा, म्हणजे जेठींचा, पिढीजात व्यवसाय. त्यांची मुळे मोढेऱ्याची. त्यांच्या परंपरेचा संस्कृत ग्रंथ ‘मल्लपुराण’ बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानेच १९६४ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध केला. संपादक भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता. मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार, कोणत्या ऋतूत किती मेहनत घ्यायची, आखाड्याची माती कशी असावी, हे सगळे त्यात येते. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’तही मल्लविनोदाचे प्रकरण आहे, आणि तिथेही मल्लांची प्रतवारी वय, अंगलट आणि ताकद पाहूनच केलेली आहे. सगळ्यांना एकच मेहनत द्यावी, हा विचार या परंपरेला कधी शिवलाच नाही.

या विद्येची दुसरी, रक्ताळलेली बाजूही बडोद्याने पाहिली. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६४ मध्ये, लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी इथे आला होता. मुठीला शिंगाच्या नख्या बांधून खेळली जाणारी नखांची कुस्ती त्याने पाहिली आणि लिहून ठेवली. भांग पिऊन, अंगावर जेमतेम वस्त्र ठेवून मल्ल एकमेकांवर तुटून पडत, आणि जिंकणाऱ्याला महाराज बक्षीस देत. ही वज्रमुष्टी. तिला स्वसंरक्षण म्हणण्यात अर्थ नाही, तो राजाच्या करमणुकीसाठी मांडलेला खेळ होता. आज ‘प्राचीन भारतीय युद्धकला’ या नावाखाली तिचा गौरव होतो तेव्हा हे आठवलेले बरे.

पेशवाईच्या उतरत्या काळात मराठी मुलखातली व्यायामपरंपरा बांधली गेली ती बाळंभट दादा देवधरांच्या नावाभोवती. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या या माणसाने मल्लखांबाला आजचे रूप दिले. पुढे त्यांच्या शिष्यशाखा संस्थानांतून पसरल्या. गायकवाडांच्या राजधानीत तालमीला राजाश्रय होता, आणि शहरात मराठी वस्तीही दाट. तालमीतले शिक्षण एकाच गोष्टीवर उभे असे, ती म्हणजे जोड. नव्या पोराला वस्ताद आधी काही महिने जोर, बैठका आणि माती खणण्यावरच ठेवी. मग त्याच्या वजनाचा, त्याच्यापेक्षा जरासा वरचढ भिडू पाहून जोड लावली जाई. डाव सांगितला की लगेच त्याची तोड सांगायची. दोन्ही करणारी माणसे समोरासमोर असत, त्यामुळे कुठे चुकले ते अंगालाच कळे. जुना पठ्ठ्या नव्याला खेळवी आणि खेळवता खेळवता स्वतःही तयार होई. मिश्र तयारीच्या माणसांचा प्रश्न तालमीने असा सोडवला होता. फक्त त्याला वर्षे लागत, आणि वस्तादाच्या मर्जीत असावे लागे. मर्जीत कोण असणार हे बरेचदा जातीवर आणि ओळखीवर ठरे. बायकांना तर हौद्याची पायरीही चढता येत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बडोद्यात जुम्मादादा नावाच्या मुसलमान उस्तादांचा आखाडा नावारूपाला आला. त्यांनी तो सोपवला गजानन यशवंत तांबे या मराठी शिष्याकडे. हेच पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव (१८७८–१९५४). दांडिया बाजारातले जुम्मादादा व्यायाम मंदिर आजही ‘माणिकराव आखाडा’ म्हणूनच सांगितले जाते. एका मुसलमान उस्तादाची गादी हिंदू शिष्याने चालवावी आणि संस्थेवर नाव उस्तादाचेच राहावे, याचे त्या काळी फारसे कौतुकही कोणी केले नसेल. आज मात्र ते मुद्दाम सांगावेसे वाटते.

माणिकराव लाठी, जंबिया (वाकडी कट्यार), बिनोट (शस्त्रधाऱ्याला निःशस्त्र तोंड देणे) असे शस्त्राचे आणि शस्त्राविरुद्धचे प्रकार शिकवत. शिवाय ते नामांकित हाडवैद्य होते. पडलेल्या, सांधा निखळलेल्या माणसाला आखाड्यातच उपचार मिळे. हे दोन उद्योग वेगळे समजू नयेत. कोपर कोणत्या बाजूला किती वळते हे रोज हाताळणारा माणूस पेच शिकवताना हात कुठे थांबवायचा हेही जाणतो. आज शिबिर भरवणारे प्रथमोपचाराची पेटी टेबलाखाली ठेवून मोकळे होतात.

माणिकरावांचे मोठे काम मात्र वेगळे आहे. त्यांनी व्यायाम रांगेत आणला. संघव्यायाम, म्हणजे शेकडो मुलांनी एका हुकमावर एकाच वेळी करायच्या हालचाली. लाठी, लेझीम, मुद्गलांची जोडी, जंबिया, सगळ्यांची त्यांनी मोजणीवर बसवलेली आवर्तने केली, आणि इंग्रजी हुकूम टाकून देशी हुकूम वापरले. त्यामागे काळाचा रेटा होता. १८५७ नंतर इंग्रजी मुलखात लोकांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. शाळांतून ड्रिल शिकवीत ते निवृत्त शिपाई, तेही इंग्रजी शब्दांत. बंगालमध्ये अनुशीलन समितीसारखे लाठीचे आखाडे सरकारच्या डोळ्यांवर आले आणि १९०९ मध्ये तिच्यावर बंदी आली. बडोदे संस्थान होते, तिथे थोडी मोकळीक होती. शिवाय सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. हजारो मुले शाळेत येऊन बसली. त्यांना शरीरशिक्षण द्यायचे तर एकेक जोड लावून कसे जमणार? एक शिक्षक, एक मैदान, दोनशे मुले. रांग हेच उत्तर होते.

तालमीच्या विद्येला ही रांग फार लांबवर घेऊन गेली. डभईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांकडे शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम काढले. मुंबई प्रांतातल्या शारीरिक शिक्षणाची घडी बसवण्यातही त्यांचा हात होता, म्हणजे मराठी शाळांतल्या कित्येक पिढ्यांच्या कवायतीत बडोद्याच्या आखाड्याचा थोडा अंश आहे. ज्ञान साठवण्याचे कामही इथेच झाले. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ पुरा केला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बिनोट, जंबिया यांचे डाव त्यात पायरीपायरीने, छायाचित्रांसह दिले आहेत. त्यातला डाव आज कोणी एकट्याने पुस्तकावरून शिकू म्हणेल तर शिकणार नाही, तरी जोडीने बसून तो लावून पाहता येईल इतका तपशील तिथे आहे. दुर्दैव असे की शिबिरांतले प्रशिक्षक यूट्यूबवर दक्षिण अमेरिकेतले पेच शोधतात आणि आपल्याच शहरात छापलेले हे खंड उघडत नाहीत.

पण रांगेने काय गेले, हेही पाहायला हवे. रांगेत समोर माणूस नसतो. हवेत मारलेला ठोसा कधी चुकत नाही, हवेतली पकड नेहमी सुटते. संघव्यायामाने शिस्त, दमसास आणि धिटाई दिली, ते खरेच मोठे देणे होते. झटापटीत काय होते ते मात्र जोडीतच कळते.

जपानात याच सुमारास तिसरा मार्ग निघाला होता. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान काढून ज्यूदो बांधली आणि पुढच्याच वर्षी ‘दान’ या नावाच्या पहिल्या श्रेणी-पदव्या दिल्या. कराटेत तिथलेच गुरू फुनाकोशी यांनी तीच पद्धत १९२४ मध्ये उचलली. रंगीबेरंगी पट्टे तर नंतर युरोपात वाढले. पट्ट्याने एक सोय झाली. शंभर अनोळखी माणसे एका हॉलमध्ये आली तरी कोण कुठल्या पायरीवर आहे ते लांबून दिसते, जोड्या चटकन लागतात. वस्तादाची नजर कापडावर उतरवली, असे म्हणा हवे तर. भारतात ज्यूदो आली ती रवींद्रनाथांमुळे. १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो आणि १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी शांतिनिकेतनात शिकवायला होते. ताकागाकींच्या वर्गात मुलीही होत्या. बडोद्यातही १९२० च्या दशकात उभे राहिलेले आर्य कन्या महाविद्यालय मुलींच्या व्यायामासाठी आणि कवायतींसाठी नावाजलेले होते. तालमीच्या पायरीवर अडलेल्या मुलींना वाट मिळाली ती अशी शाळेतून, रांगेतून.

१९७० नंतर ब्रूस लीची लाट आली आणि गल्लोगल्ली कराटेचे वर्ग निघाले. त्याबरोबर संघटनांची फाटाफूटही आली, इतकी की एकाच शहरातले दोन काळे पट्टे एकाच मापाचे असतील याची खात्री उरली नाही. शिबिरात याचा ताप होतो. पट्टा पाहून जोड लावावी तर पट्टा फसवा निघतो. जाणता प्रशिक्षक म्हणून पहिला अर्धा तास फक्त पडायला लावतो. मागे पडणे, कुशीवर पडणे, हाताचा पंजा सोडून. कोण किती शिकला आहे ते पडण्यात लपत नाही.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर देशभर मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरांना पेव फुटले. गुजरात पोलिसांचे ‘सुरक्षा सेतू’ आहे, शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा योजनेखालचे ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ आहे. ही शालेय योजना तीन महिन्यांची आहे, हे महत्त्वाचे. हौसेची कित्येक शिबिरे तर दोन तासांतच उरकतात, आणि त्या दोन तासांत बहुधा माणिकरावांची रांगच परत येते, फक्त माणिकराव त्यांत नसतात.

छोटे प्रशिक्षण निरुपयोगी असते असे मात्र नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन-तीन तासांचे चार भाग, म्हणजे अवघे बारा तास होते. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके दिलेल्या गटात ९.८ टक्के निघाले. त्या बारा तासांत हातापायांची झटापट हा एकच भाग होता. धोका आधी ओळखणे, ओळखीच्याच माणसाला ठाम नकार देणे, आपल्या मनातला संकोच मोडणे, यांवर उरलेला वेळ गेला. आपल्याकडे शिबिराचा फोटो काढायचा तर उडती लाथच लागते, त्यामुळे हा भाग मागे पडतो.

कायद्याचा तासही असाच गळतो. खासगी संरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने हल्ला झाला तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा आड येत नाही, हे कलम ३८ सांगते. आणि कलम ३७ सांगते की गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो हक्क उरत नाही. हल्लेखोर पडला, पळू लागला, त्यानंतरची लाथ संरक्षणात धरली जात नाही. डाव कुठे थांबवायचा हे तालमीत वस्ताद हात धरून दाखवी. आज ते कोणीतरी तोंडाने तरी सांगायला हवे.

बडोद्यातल्या काही जागांवर अलीकडे दोन्ही पद्धती एकत्र बांधण्याचा खटाटोप दिसतो. सकाळी रांग, म्हणजे अंग मोकळे करणे, पाय टाकणे, ओरडणे (भल्या भल्या काकूंना सगळ्यात जड जाते ते हेच). दुपारी जोड्या, आणि दर काही मिनिटांनी भिडू बदल. अनुभवी माणसाला नवख्यासमोर उभे करून त्याला एवढेच सांगतात की मनगट धर, खरे धर, आणि तिला अंगठ्याच्या फटीतून सोडवून घेऊ दे. हातावर थाप पडली की त्याच क्षणी सोड. मग काळ्या पट्ट्यांना वेगळे काढून दोघांविरुद्ध एक, भिंतीला पाठ, हातात पिशवी, असे प्रसंग दिले जातात. त्यांतले निम्मे पहिल्या फेरीत गोंधळतात. गुडघ्याला पट्टी बांधून आलेल्या बाईला लाथ शिकवत नाहीत. खुर्चीवर बसल्या बसल्या दंड धरला तर काय करायचे ते शिकवतात. अशा शिबिरात वीस जोड्यांमागे निदान दोन-तीन जाणते साहाय्यक लागतात, आणि म्हणूनच ती महाग पडतात किंवा मग एखाद्या जुन्या आखाड्याच्या पठ्ठ्यांवर, फुकटात, चालतात.