हललेला फोटो आणि फोकस चुकलेला फोटो

घरातल्या लहान मुलांचे फोटो काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाची एक तक्रार असतेच: "फोटो ब्लर आला." पण ब्लर येण्याची कारणं दोन. मूल हललं म्हणून फोटो धूसर येतो, आणि फोकस भलतीकडे लागला म्हणूनही येतो. कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की फोटो आणखी बिघडतो.

मला हे कळलं भाच्याच्या बोरन्हाणात. पाटावर काळं झबलं घातलेला दहा महिन्यांचा भाचा, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. संध्याकाळचे सात वाजलेले, उजेड फक्त ट्यूबलाइटचा. कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड; एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं ते जास्त उघडं) एफ/१.८. पहिले चार-पाच फोटो धूसर दिसले आणि मी ठरवून टाकलं की पोरगं हलतंय. शटर १/६० सेकंदावरून १/२५० सेकंद केलं, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ८०० वरून ३२०० वर नेला. फोटो दाणेदार झाले आणि धूसर ते धूसरच राहिले. रात्री लॅपटॉपवर मोठे करून पाहिले तेव्हा मुकुटावरच्या हलव्याचा काटा न् काटा मोजता येत होता. डोळे मात्र धुक्यात. भाचा हलला नव्हताच. फोकस मुकुटावर बसला होता. तो दिवस परत येणार नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

असं का झालं ते सांगते. गडद-फिक्याचा फरक जिथे ठळक, तिथे ऑटोफोकसला पकड सहज मिळते. काळ्या कपड्यांवर पांढराशुभ्र हलवा म्हणजे त्याला आमंत्रणच. त्यात माझ्यासारख्या छोट्या सेन्सरच्या (एपीएस-सी) कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स एफ/१.८ ला उघडून एक मीटरवरून फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण ३ सेंटिमीटरचाच असतो, फोकसच्या थोडा पुढे आणि थोडा मागे मिळून. मुकुट कपाळाच्या पुढे आलेला, डोळे मागे. तेवढ्यानेच डोळे पट्ट्याबाहेर जातात.

ओळखायचं कसं? फोटो पूर्ण मोठा करा आणि त्यात स्पष्ट असं काही सापडतंय का ते शोधा. फोकस चुकला असेल, तर बहुतेक वेळा पुढची किंवा मागची दुसरी एखादी वस्तू लख्ख दिसते: कान, मुकुट, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. मूल हललं असेल, तर ते ज्या पाटावर बसलंय तो पाट स्पष्ट आणि फक्त हात किंवा डोकं फरपटलेलं दिसतं. पाट, भिंत, माणसं, सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं, तर मूल नव्हे, आपला हात हललाय.

याहून पक्की खूण डोळ्यातल्या चमकत्या ठिपक्यात असते. फोकस चुकला की तो ठिपका फुगून गोल चकती होतो. हालचाल झाली की त्याची रेघ होते. मी आता आधी हा ठिपकाच बघते.

हालचालीचं गणित बोरन्हाणात छान समजतं. डोक्यावरून अर्धा मीटर खाली आलेलं बोर सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने पडत असतं. १/६० सेकंदात ते ५ सेंटिमीटर सरकतं, म्हणजे फोटोत बोर दिसतच नाही, पट्टा दिसतो. १/५०० ला तेच ६ मिलिमीटर सरकतं आणि बोरासारखं दिसतं. बाळाचं डोकं इतकं वेगात फिरत नाही. त्याला १/२५० बहुतेक वेळा पुरतं. म्हणून हललेल्या फोटोचा उपाय म्हणजे शटरचा वेग वाढवणं, आणि त्यासाठी आयएसओ चढवणं किंवा अ‍ॅपर्चर आणखी उघडणं. दाणे आलेले चालतील, हललेला चेहरा मला चालत नाही.

फोकस चुकला असेल तर नेमकं उलट: अ‍ॅपर्चर बंद करत एफ/२.८ ला न्यायचं. स्पष्ट पट्टा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास जातो, पण उजेड निम्म्याहून कमी उरतो. दोन्ही ओढाताणी एकाच ट्यूबलाइटखाली सांभाळायच्या असतात. म्हणून अ‍ॅपर्चरला हात लावण्याआधी डोळ्यावर फोकस धरण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती चालू करा. नसेल तर फोकसचा एकच बिंदू निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवा. रांगत अंगावर येणाऱ्या बाळासाठी सतत फोकस बदलत राहणारा मोड हवा. काही कॅमेऱ्यांत त्याला एएफ-सी म्हणतात, काहींत सर्व्हो.

इथे एक गफलत मी अनेकांची पाहते. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, मुलाची हालचाल थांबवत नाही. त्याच्या भरवशावर १/३० ला गेलात तर पाट सुरेख येईल आणि पाटावरचं बाळ हललेलं.

काळ्या झबल्याचाही एक त्रास आहे. फ्रेममध्ये काळं जास्त दिसलं की ऑटोमध्ये कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, आणि तो शटर आणखी संथ करतो. बाळ हललेलं येतं आणि हलव्याचे दागिने पांढरेफटक होऊन काटे जातात ते वेगळंच. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो ठरवून उजळ किंवा गडद करायची सोय) उणे एकच्या आसपास आणलं की दोन्ही सुधारतं.

मोबाइलवर प्रश्न सोपा होतो. सेन्सर लहान, त्यामुळे स्पष्ट पट्टा खोल. घरातला मोबाइलचा फोटो धूसर आला तर तो बहुधा हललेलाच असतो. नाइट मोड मुलांसाठी बंदच ठेवा, तो बराच वेळ उजेड गोळा करत बसतो. आणि लेन्सवर तुपाचं बोट लागलंय का तेही पाहा.

सगळेच हललेले फोटो मी पुसत नाही. त्याच बोरन्हाणातल्या एका फोटोत भाच्याचा चेहरा नीट आलाय, आणि त्याच्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे पांढऱ्या-हिरव्या रेघा होऊन उतरताहेत; कडेने पुढे आलेले पोरांचे हातसुद्धा हललेले. त्या खोलीतला गलका त्या रेघांमुळेच फोटोत आलाय. १/५०० ला तो आला नसता. फोकस चुकलेल्या फोटोत असं काही हाती लागल्याचं मला आठवत नाही.

या वर्षी धाकटीचं बोरन्हाण आहे. जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि हळदीकुंकवाच्या बायका जमेपर्यंत अंधार पडतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जलद शटरला फोटोत आडवे पट्टे येतात, तो ताप निराळाच. बहिणीला सांगून ठेवलंय: आंघोळ चार वाजता घालू, पाट पश्चिमेच्या खिडकीजवळ मांडू, ट्यूबलाइट बंद.