हातातला सिलिंडर आणि नळ्यांची यंत्रणा : ऑफ-रोड शर्यतीच्या गाडीत दोन्ही का लागतात

ऑफ-रोड शर्यतीच्या गाडीत आग विझवण्याची साधने दोन ठिकाणी दिसतात. एक लाल सिलिंडर चालकाच्या किंवा नेव्हिगेटरच्या, म्हणजे शेजारी बसून वाट सांगणाऱ्याच्या, हाताशी, धातूच्या पट्ट्यांनी आवळून बसवलेला असतो. दुसरा सीटच्या मागे किंवा खाली असतो आणि त्याच्यातून निघालेल्या नळ्या इंजिनाकडे आणि केबिनमध्ये गेलेल्या असतात. दोन्हींमध्ये भरलेला पदार्थ कधीकधी एकच असतो, त्यामुळे एक मोठा आणि दुसरा त्याचा राखीव छोटा भाऊ, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात नळ्यांची बसवलेली यंत्रणा पट्टे बांधून आत बसलेल्या माणसासाठी आहे आणि हातातला सिलिंडर गाडीतून बाहेर पडलेल्या माणसासाठी. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, क्रॉस-कंट्री नियमांत वरच्या वर्गाच्या गाड्यांना ही दोन्ही साधने लागतात, त्याचे कारण या फरकात आहे.

बसवलेल्या यंत्रणेचे काम वेळ मिळवून देण्याचे आहे. उलटलेल्या गाडीत, शरीर सहा ठिकाणी जखडणारे पट्टे बांधलेले असताना, डोक्यावर हेल्मेट आणि बाजूला जाळी असताना, कोणी सिलिंडर काढून, पिन ओढून, आगीवर नेम धरील ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. म्हणून चालकाला पट्टे न सोडता, बसल्या जागेवरून कळ दाबता किंवा ओढता आली पाहिजे, यंत्रणा गाडी कोणत्याही स्थितीत, अगदी चाके आकाशाकडे असतानाही, चालली पाहिजे आणि केबिन व इंजिन या दोन्ही ठिकाणी तिचा फवारा एकाच वेळी सुटला पाहिजे, असे नियम सांगतात. नोझल माणसांच्या डोक्यावर थेट रोखलेले असता कामा नये. बाहेरून धावून आलेल्याला ही यंत्रणा चालू करता यावी म्हणून गाडीच्या अंगावर एक कळ असते आणि तिच्याजवळ लाल कडेच्या पांढऱ्या वर्तुळात लाल रंगाचे इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असते. वर्तुळाचा व्यास किमान १० सेंटीमीटर हवा, कारण धुरात आणि धुळीत ते शोधायचे असते. ते बॅटरीची वीज तोडण्याच्या स्विचचे चिन्ह नव्हे. निळ्या त्रिकोणातली लाल ठिणगी त्या स्विचची. दोन्ही चिन्हे बहुधा शेजारीशेजारी असतात आणि मदतीला आलेल्या नवख्याची तिथे गफलत होऊ शकते.

या यंत्रणेच्या मर्यादाही तिच्या रचनेतच आहेत. एकदा कळ ओढली की सगळा साठा एका दमात संपतो. थोडे मारले, थांबून पाहिले, पुन्हा मारले, असे करता येत नाही. नोझल जिथे रोखलेले आहेत तिथेच फवारा जातो, त्यामुळे चाकाजवळ तापलेला ब्रेक पेटला किंवा एक्झॉस्टला गुंडाळलेले वाळके गवत धुमसू लागले, तर तिचा फारसा उपयोग नाही. शिवाय गाडी धावत असताना ती सोडली, तर वाऱ्याचा झोत फेस उडवून नेतो आणि चालू असलेला इंधनपंप आगीला खाद्य पुरवत राहतो. गाडी थांबवणे, इंजिन आणि पंप बंद करणे, मग कळ ओढणे आणि लगेच बाहेर पडणे हा क्रम सराव करून हातात बसवावा लागतो.

हातातल्या सिलिंडरचे काम इथून पुढे सुरू होते. तो नेम धरून, थोडाथोडा, ज्वाळेच्या बुडाशी मारता येतो, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहता येते आणि बॉनेट सताड न उघडता, चाकाच्या कमानीतून किंवा बॉनेटच्या फटीतून मारा करता येतो. बॉनेट एकदम उघडले तर आत हवा शिरून आग उसळते. तो दुसऱ्याच्या गाडीसाठीही उपयोगी पडतो, आणि वाळवंटात याचे मोल फार आहे. सर्किटवर अग्निशमन पथक काही क्षणांत पोहोचते, पण वाळूच्या टेकड्यांमध्ये पहिला पोहोचणारा माणूस बहुधा मागून येणाऱ्या गाडीतला स्पर्धकच असतो. मात्र २ किलोचा सिलिंडर दहा सेकंदांच्या आसपास रिकामा होतो. पेट्रोलच्या टाकीपर्यंत पोहोचलेल्या आगीशी त्याने झुंजायला जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ५ जानेवारी २०२० रोजी डकार रॅली या वाळवंटी शर्यतीच्या सौदी अरेबियातल्या पहिल्याच टप्प्यात फ्रान्सच्या रोमेन द्यूमा यांची गाडी जळून खाक झाली आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. पण ते आणि त्यांचे नेव्हिगेटर दोघेही बाहेर पडले. कोणत्याही आगीत आधी पाहायचे ते हेच.

आत भरलेल्या पदार्थाचा फरक ऑफ-रोडमध्ये अधिक जाणवतो. एफआयएच्या नियमांत हातातल्या सिलिंडरसाठी एएफएफएफ, म्हणजे इंधनाच्या आगीसाठीचा पाणीमिश्रित फेस, असेल तर किमान २.४ लिटर आणि पावडर असेल तर किमान २ किलो लागते. फेस इंधनाच्या पृष्ठभागावर पातळ थर धरतो आणि पाण्यामुळे गारवाही देतो. पावडर ज्वाळा झटकन पाडते, पण तापलेला टर्बो किंवा एक्झॉस्ट थंड करत नाही, त्यामुळे गळते तेल त्यावर पुन्हा पेटू शकते. बंद केबिनमध्ये तिचा ढग दिसणे आणि श्वास घेणे दोन्ही अवघड करतो. शिवाय शेकडो किलोमीटर दगडधोंड्यांतून हादरे खाल्ल्यावर ती तळाशी घट्ट बसू शकते. काटा हिरव्या पट्ट्यात असला तरी तो फक्त दाब सांगतो, पावडर मोकळी आहे की नाही हे सांगत नाही.

सिलिंडर कसा बांधला आहे, याकडे हौशी मंडळी सर्वांत कमी लक्ष देतात. नियमानुसार पकड २५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५ पट, इतका झटका सोसणारी हवी, पट्ट्या धातूच्या आणि पटकन सुटणाऱ्या किमान दोन कड्या हव्यात. भरलेल्या सिलिंडरचे एकूण वजन ४ किलो धरले, तर अशा झटक्यात पकडीवर सुमारे १०० किलोचा भार येतो. सह्याद्रीतल्या पावसाळी ऑफ-रोड सफरींना जाणाऱ्या जीपमध्ये वेल्क्रोने रोल केजला, म्हणजे केबिनभोवतीच्या संरक्षक नळ्यांच्या पिंजऱ्याला, चिकटवलेला छोटा डबा आग विझवण्याआधी एखाद्याचे डोके फोडील.

तपासणीतही दोघांकडे वेगवेगळ्या नजरेने पाहावे लागते. हातातल्या सिलिंडरवर पदार्थाचा प्रकार, वजन किंवा आकारमान आणि पुढील तपासणीची तारीख दिसली पाहिजे, आणि ही तारीख भरल्यापासून किंवा मागच्या तपासणीपासून दोन वर्षांच्या पलीकडची नसावी. बसवलेल्या यंत्रणेची तारीख तर पाहावीच, पण तिच्या नळ्या दगड लागून चेपल्या नाहीत ना, नोझलच्या तोंडात चिखल भरलेला नाही ना, आणि विजेवर चालणारी असेल तर तिच्या स्वतःच्या छोट्या बॅटरीत जोर आहे ना, हेही पाहावे. ही बॅटरी वेगळी ठेवतात, कारण आगीत गाडीची मुख्य वीज तोडलेली असते. सेवातळावर काम करताना चुकून फवारा सुटू नये म्हणून मेकॅनिक सुरक्षापिन लावून ठेवतात किंवा नियंत्रणपेटी निष्क्रिय करतात. टप्प्याच्या सुरुवातीच्या रेषेवर, पट्टे आवळल्यावर, ती पिन काढली आहे आणि पेटी सक्रिय आहे, हे नेव्हिगेटरने मोठ्याने म्हणून चालकाकडून दुजोरा घ्यावा.