आजोबांचं बोनेट, नातवाचं इंजिन: 'बूमर ८एन'ची पार्श्वभूमी

२००९ साली न्यू हॉलंड कंपनीने अमेरिकेत 'बूमर ८एन' नावाचा ट्रॅक्टर आणला. लांबून पाहणाऱ्याला तो १९५० च्या आसपासचा फोर्ड वाटावा: गोलसर बोनेट, गोलाईचे मडगार्ड, खालचा सांगाडा लाल आणि वरचा पत्रा फिकट राखाडी. आत मात्र ५० एचपीचं डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह आणि गिअर बदलायची गरजच नसलेलं सीव्हीटी ट्रान्समिशन. तो ज्यांच्यासाठी काढला होता त्यांना मानवला का, या प्रश्नाचं उत्तर त्याच्या इंजिनात किंवा रंगात शोधून सापडत नाही. त्यासाठी सत्तर वर्षं मागे जावं लागतं.

मुळात ट्रॅक्टरला 'रूप' असावं ही कल्पनाच १९३० च्या दशकाच्या शेवटची. तोवर ट्रॅक्टर म्हणजे उघडं इंजिन, उघडा रेडिएटर, चाकं आणि लोखंडी सीट. १९३८ मध्ये जॉन डिअरने हेन्री ड्रेफस या डिझायनरकडून आपल्या 'ए' आणि 'बी' मॉडेलना नवा पत्रा चढवून घेतला. पुढच्याच वर्षी इंटरनॅशनल हार्वेस्टरचे फार्मऑल ट्रॅक्टर रेमंड लोवी यांच्या हातून नवं अंग घेऊन बाजारात आले. आज ज्याला आपण जुनं देखणं रूप म्हणतो, ते त्या काळात अगदी ताज्या फॅशनचं होतं.

त्याच १९३८ मध्ये मिनिआपोलिस-मोलीन कंपनीने 'यूडीएलएक्स' नावाचा एक ट्रॅक्टर काढला. त्याला बंद केबिन होती, हीटर होता, रेडिओ होता. दिवसभर शेतात चालवा आणि संध्याकाळी त्यातूनच गावात फेरफटका मारा, अशी कल्पना. किंमत दोन हजार डॉलरच्या वर गेली आणि कसेबसे दीडशेच्या आसपास तयार झाले. मंदीतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या शेतकऱ्याने तो लांबूनच पाहिला. आता संग्राहक त्याच्यासाठी वेडे होतात, हा भाग वेगळा. पण देखणेपणासाठी शेतकरी किती पैसे मोजतो, याचा पहिला हिशेब तिथेच झाला होता.

फोर्डची गोष्ट वेगळी, कारण तिथे रूप नंतर आलं आणि युक्ती आधी. हेन्री फोर्डचा पहिला गाजलेला ट्रॅक्टर म्हणजे १९१७ चा फोर्डसन. तो स्वस्त होता, पण त्याला एक जीवघेणी खोड होती. नांगर दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाकं जागेवर थांबत आणि ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटे. यावरचा तोडगा आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनकडे होता. १९३८ च्या ऑक्टोबरात त्याने आपला लहानसा ट्रॅक्टर फोर्डच्या घरच्या शेतात चालवून दाखवला. दोघांनी हात मिळवले आणि व्यवहार ठरला. कागद नाही, सही नाही.

फर्ग्युसनची युक्ती म्हणजे आज आपल्या गावागावांतल्या ट्रॅक्टरमागे दिसणारी तीन जोडांची लिंकेज. खालचे दोन हात नांगर ओढतात आणि वरची टॉपलिंक त्याला आवरते. नांगर जड जमिनीत रुतला की टॉपलिंकवर दाब येतो. तो दाब हायड्रोलिकच्या व्हॉल्व्हला कळतो आणि लिफ्ट नांगर किंचित वर घेते. शिवाय नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते आणि तोंड वर उठत नाही. आधी ज्या कामाला जड यंत्र लागायचं, ते आता हलकं आणि स्वस्त यंत्र करू लागलं. लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने यात क्रांतीच होती, आणि तो शब्द मी इथे विचार करूनच वापरतो आहे.

१९३९ मध्ये आलेला पहिला ट्रॅक्टर '९एन', युद्धकाळात १९४२ मध्ये आलेला '२एन' आणि १९४७ च्या मध्यात आलेला '८एन'. यातला आकडा वर्षाचा: १९३९ चा नऊ, १९४२ चा दोन, १९४८ च्या मॉडेलचा आठ. दरम्यान हात मिळवणारा हेन्री फोर्ड बाजूला झाला आणि नातू हेन्री फोर्ड दुसरा याने तो तोंडी करार मोडला. ८एन बाजारात आला तो फर्ग्युसनला वगळून, पण त्याचीच लिंकेज पाठीवर घेऊन. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ मध्ये फोर्डने ९२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

हा वाद डोक्यावर असतानाही १९५२ पर्यंत ८एन सव्वापाच लाखांच्या आसपास निघाले. तिनाऐवजी चार गिअर, दोन्ही ब्रेक उजव्या पायाखाली, पाय ठेवायला पाट्या, आणि लिफ्ट हव्या त्या उंचीवर धरून ठेवण्याची सोय. त्यावेळच्या लहान शेतकऱ्याला हे सगळं नवं होतं. ताकद जेमतेम २५ एचपीच्या घरात.

या ट्रॅक्टरच्या आठवणी काढणारे त्याच्या खोडी सहसा सांगत नाहीत, म्हणून सांगतो. क्लच दाबला की पीटीओही (इंजिनाचा जोर मागच्या अवजाराला देणारा फिरता दांडा) थांबतो, आणि हायड्रोलिकचा पंप त्याच पीटीओवर चालत असल्यामुळे लिफ्टही थांबते. मागे गवत कापायचं यंत्र जोडलं असेल तर उलटा प्रकार होतो. क्लच दाबूनही फिरत्या पात्यांचा जोर पीटीओमार्गे चाकांना ढकलत राहतो आणि ट्रॅक्टर कुंपणाच्या दिशेने जातच राहतो. म्हणून जाणकार मालक पीटीओवर एकाच दिशेने जोर जाऊ देणारं कपलिंग बसवून घेतात. उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी कमानही नाही. अमेरिकेत ती नव्या ट्रॅक्टरवर सर्रास यायला १९८० चं दशक उजाडलं.

तरीही ८एन मेला नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. इंजिन साधं, पत्रा जाड, आणि पाच लाखांवर यंत्रं असल्यामुळे सुट्या भागांचा बाजार कधी बंदच पडला नाही. मोठ्या शेतीतून तो गेला, पण अमेरिकेच्या गोठ्यांत, घोड्यांच्या फार्मवर, पाच-दहा एकरांच्या घरांमागे तो कामाला राहिला. चालता ८एन अजूनही दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास मिळतो.

इकडे त्याची कंपनी मात्र हात बदलत गेली. १९७३ मध्ये फोर्डने 'फोर्ड १०००' हा लहान ट्रॅक्टर आणला, तो जपानच्या शिबाउराने बनवलेला होता. जपानची कुबोटा त्याआधीच अमेरिकेत उतरली होती. पुढे जॉन डिअरनेही लहान ट्रॅक्टरसाठी जपानच्याच यानमार कंपनीचा आधार घेतला. म्हणजे ८एन ज्या जागेवर उभा होता, ती जागा अमेरिकी कंपन्यांनीच जपानी कारखान्यांना देऊन टाकली. १९८६ मध्ये फोर्डने न्यू हॉलंड घेतली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डचा हा सगळा ट्रॅक्टरचा धंदा फियाटकडे गेला. फोर्डचं नाव वापरायची मुभा काही वर्षांपुरतीच होती. ती संपली आणि निळ्या ट्रॅक्टरवर फक्त न्यू हॉलंड उरलं.

गिऱ्हाईकही तोवर बदललं होतं. लहान ट्रॅक्टर घेणारा आता बहुतेक शेतकरी नव्हता. तो शहरात नोकरी करून निवृत्त झालेला, गावाबाहेर जमीन घेऊन गवत कापणारा, बर्फ ढकलणारा, दोन घोडे पाळणारा माणूस होता. त्यातले बरेच १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले, म्हणजे ज्यांना अमेरिकेत 'बूमर' म्हणतात तेच. त्यांच्या लहानपणी आजोबांच्या अंगणात ८एन उभा असायचा. ट्रॅक्टरच्या नावातला 'बूमर' हा आधीपासूनच्या मालिकेचा असला, तरी इथे तो फारच चपखल बसला.

आणि हवाही तशीच होती. फोक्सवॅगनची नवी बीटल, नवी मिनी, क्रायस्लरची पीटी क्रूझर यांनी जुन्या रूपाला नवं गिऱ्हाईक मिळवून दिलं होतं. त्यात खुद्द न्यू हॉलंडच्या मालकाचा, फियाटचा, अनुभव ताजा होता. फियाटने मूळ ५०० मोटार ४ जुलै १९५७ ला आणली आणि नवी ५०० बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै २००७ ला. ती चांगलीच चालली. मोटारीत जमलं ते ट्रॅक्टरमध्ये का जमू नये, असा विचार कुणाच्याही मनात आला असता.

पण मोटार आणि ट्रॅक्टर यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते बूमर ८एनचं गणित तिथेच अडलं. १९५७ ची फियाट रोज ऑफिसला नेणं कठीण. म्हणून तिचं रूप आवडणाऱ्याला नवी घ्यावीच लागते. १९५० चा ८एन मात्र आजही रविवारी गवत कापतो. ज्याला आजोबांची आठवण हवी, त्याला खरीखुरी आठवण नव्या ट्रॅक्टरच्या काही अंशाएवढ्या किमतीत मिळते. वर दुरुस्त करत बसण्याचा आनंद फुकट. बूमर ८एनची खरी स्पर्धा कुबोटाशी नव्हती, ती त्याच्या आजोबांशी होती.

दुसऱ्या बाजूला, ज्याला कामाचा ट्रॅक्टर हवा तो लोडर बघतो. अमेरिकेत लहान ट्रॅक्टर घेणारा पुढे बकेटचा लोडर लावून घेतोच. आजच्या लहान ट्रॅक्टरचं बोनेट पुढे उतरतं केलेलं असतं ते बकेट दिसावी म्हणून. जुन्या गोल बोनेटला हे कारण माहीतच नव्हतं.

न्याय करायचा तर यंत्र म्हणून तो वाईट नव्हता. ज्याने आयुष्यात क्लच-गिअर हाताळले नाहीत, त्या निवृत्त माणसाला सीव्हीटी उत्तमच. पायाखाली वेग, हातात स्टिअरिंग, मागे सुरक्षेची कमान, आणि क्लच दाबूनही ट्रॅक्टर कुंपणात घुसण्याची भीती नाही. पण मग आठवण कशाची? चार गिअरची, पेट्रोल इंजिनच्या त्या आवाजाची की पत्र्याच्या गोलाईची? आपल्याकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेणाऱ्याला टाकीच्या आकाराबरोबर एका सिलिंडरची धडधडही मिळते. बूमर ८एनमध्ये आकार तेवढा मिळाला. शिवाय ज्या नावावर लोकांचा जीव होता, ते 'फोर्ड' पत्र्यावर लिहिण्याचा हक्कच उरला नव्हता. उरला फक्त '८एन' हा आकडा, तोही १९४८ च्या वर्षाचा.

तो ट्रॅक्टर कंपनीच्या यादीत फार वर्षं राहिला नाही.

याच काळात अमेरिकेत आणखी एक लाल ट्रॅक्टर विकला जात होता, आणि त्याची मुळं मुंबईत होती. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि पुढे कांदिवलीत 'बी-२७५' बनू लागला. मूळ मॉडेल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधल्या कारखान्याचं. त्या घराण्यातला २७५ डीआय आजही आपल्या गावांतून दिसतो. इंजिन सुधारलं, पत्रा बदलला, पण वंश तोच. १९९४ पासून महिंद्रने टेक्सासातून अमेरिकेत ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. हार्वेस्टरच्या तंत्रावर वाढलेले हे साधे, जड, गिअरचे ट्रॅक्टर तिथल्या पाच-दहा एकरवाल्यांनी घेतले. त्यांना कुणी 'रेट्रो' म्हणून रंगवलं नव्हतं. ते मुळात जुने झालेच नव्हते, बनायचे थांबलेच नव्हते.

जुन्या ८एनचे सुटे भाग मात्र अजूनही नवे तयार होतात. कार्ब्युरेटर, बोनेट, मडगार्ड, अगदी लाल आणि राखाडी रंगाचे डबेसुद्धा.