तलफ बीडच्या स्टँडवरच का यायची?

लातूरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या एसटीत आमचे तात्या अंबाजोगाई, केज अगदी निवांत बसून असायचे. कुणाची सोयरीक कुठं जमली, सोयाबीनला काय भाव लागला, सगळं बोलून व्हायचं. मांजरसुंब्याचा घाट उतरायला लागला की मात्र हात बंडीच्या खिशाकडे जायचा. बीडच्या स्टँडात गाडी पुरती थांबायच्या आत तात्या दारात उभे. सार्वजनिक ठिकाणी ओढायला 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदी आहे, 200 रुपयांपर्यंत दंड आहे, म्हणून फाटकाबाहेर जाऊन बिडी पेटवायची, एवढा कायदा ते पाळायचे.

मला तेव्हा एकच कोडं पडायचं. तलफ केजला का येत नव्हती? रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. शरीराला तेच हवं असेल तर ओढ मिनिटामिनिटानं वाढत जायला पाहिजे, बीडची वाट बघत थांबायला नको.

इस्रायलमधल्या संशोधकांनी 2010 साली हेच कोडं विमानात सोडवायला घेतलं. सिगारेट ओढणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांना त्यांनी प्रवासात वेळोवेळी विचारलं, आत्ता किती ओढावीशी वाटते? काही फेऱ्या तीन ते साडेपाच तासांच्या, काही आठ ते तेरा तासांच्या. शेवटच्या सिगारेटला दोन्हीकडे तेवढाच वेळ झालेला असताना छोट्या फेरीतल्यांची तलफ शिगेला पोचलेली असायची, कारण विमान उतरायला आलेलं असायचं. लांब फेरीतले त्याच वेळी बऱ्यापैकी शांत. किती वेळ ओढली नाही यापेक्षा आता किती वेळात ओढायला मिळणार, यावर तलफ जास्त ठरत होती. आमच्या गावातले बिडी ओढणारे रोजेदार रमजानात हेच सांगतात. दुपार निघते, इफ्तारच्या आधीचा तास निघत नाही.

यावरून कुणी म्हणेल, मग हा सगळा मनाचाच खेळ आहे, निश्चय पाहिजे. नाही. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि तिथं डोपामाईन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं. रोज हे होत राहिलं की निकोटीन धरणाऱ्या जागा मेंदू वाढवून ठेवतो. बिडी बंद झाली की त्या जागा रिकाम्या राहून बोंब मारतात: चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. म्हणजे ओढ दोन प्रकारची, एक रक्तातली आणि एक बीडच्या स्टँडातली. पहिलीवर औषध आहे. दुसरीवर आधी आपली ठिकाणं आणि वेळा ओळखाव्या लागतात.

बिडी सिगारेटीपेक्षा हलकी, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तंबाखू तिच्यात कमी असते हे खरं. पण तेंदूचं पान धड जळत नाही, ओढत राहिलं नाही तर बिडी विझते. म्हणून माणूस घाईघाईनं, खोल झुरके घेतो आणि डांबर, कार्बन मोनॉक्साईड भरपूर आत घेतो.

तात्या अकरा वर्षं ‘कमी करायलोय’ म्हणत होते. इंग्लंडमध्ये जवळपास सातशे लोकांवर झालेल्या एका प्रयोगात एका गटानं दोन आठवड्यांत हळूहळू कमी करून सोडली, दुसऱ्यानं ठरलेल्या दिवशी एकदम. 2016 साली निकाल आला: चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी 49 टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांपैकी 39 टक्के. तेव्हा तारीख ठरवा, पुढच्या पंधरा दिवसांतली. ऐन लग्नसराईतली नको, जिथं मांडवाच्या मागं दहा जण ओढत उभे असतात. आषाढी एकादशी, रमजानचा पहिला रोजा, असे दिवस बरे, घरच्यांना आणि टपरीवाल्याला कारण सांगावं लागत नाही. आदल्या रात्री बंडल आणि काडेपेटी घरातून, मोटारसायकलच्या डिक्कीतून, शेतातल्या आखाड्यावरच्या वळचणीतून बाहेर गेली पाहिजे.

आता सकाळ. शंभरातले कितीतरी जण इथंच हरतात आणि लाजेनं सांगत नाहीत. तात्यांनी सांगितलं: "बिडी वढल्याबिगर पोटच साफ होत न्हाई, बाबा." ही सबब नाही. निकोटीन आतड्यांना चालना देतं, सोडल्यावर काहींना काही आठवडे बद्धकोष्ठता होतेच. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या दिवशी घाबरून बंडल आणलं जात नाही. उठल्यावर दोन तांबे कोमट पाणी, थोडं चालणं, ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, रात्री इसबगोल. आतडं आपलं आपण चालायला शिकतं.

दुसरी गंमत चहाची. बिडीच्या धुरातली काही रसायनं यकृताला कॅफीन झपाट्यानं मोडायला लावतात. त्यामुळं ओढणाऱ्याला चार-पाच कप चहा सहज पचतो. ओढणं थांबलं की आठवड्याच्या आत यकृताचा तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातलं कॅफीन रक्तात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहतं. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप लागत नाही. माणसाला वाटतं बिडी मागायला लागलं शरीर. यात चहाचाही दोष असतो. सोडायच्या दिवसापासून चहा अर्ध्यावर आणा. दुहेरी फायदा आहे, कारण आपल्याकडे कट चहा आणि बिडी ही जोडीच आहे. याच कारणानं दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांनी बिडी सोडतोय हे डॉक्टरांना सांगावं. मात्रा बदलावी लागू शकते.

रक्तातल्या ओढीसाठी निकोटीनचं च्युइंगम मिळतं, 2 आणि 4 मिलिग्रॅमचं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर 4, नाहीतर 2. आपल्याकडे ते वाया जातं, कारण लोक ते साध्या च्युइंगमसारखं चघळतात. निकोटीन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि ‘आपल्याला मानवलं नाही’ म्हणून फेकलं जातं. ते सावकाश चावायचं, जीभ चरचरली की थांबायचं आणि गालात दाबून ठेवायचं, तंबाखूचा विडा दाढेखाली धरतात तसं. चव गेली की पुन्हा दोन-चारदा चावायचं. एक गोळी अर्धा तास चालते. गोळीच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा, लिंबूपाणी नाही. याचं कारण तंबाखू मळणाऱ्या प्रत्येकाच्या तळहातावर आहे: चुना. निकोटीन क्षारयुक्त तोंडातच गालाच्या कातडीतून रक्तात शिरतं, म्हणून तंबाखूला चुना लावतात, आणि गोळीतही तसाच क्षार मिसळलेला असतो. आंबट काही प्यालं की त्याचा जोर मरतो. च्युइंगमनं किंवा कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीनं बिडी सुटण्याची शक्यता साधारण दीडपट होते. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही गोळ्यांची औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. फिट येणाऱ्यांना बुप्रोपिऑन चालत नाही. गरोदर बाईनं किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यानं च्युइंगमही विचारूनच घ्यावं.

एक खड्डा मात्र खास आपल्या मुलखातला. बिडी सुटते आणि हातात चुन्याची डबी येते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे 3.8 टक्के होते आणि तंबाखू खाणारे, मिसरी लावणारे, गुटखावाले मिळून 24.4 टक्के. गुटख्यावर 2012 पासून बंदी असूनही, हे वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला गेलेल्या आमच्या एका पाहुण्यानं फडात बिडी सोडली म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. परत आला तेव्हा गाल फुगलेला. मेंदूच्या दृष्टीनं त्यानं काहीच सोडलं नव्हतं, फक्त रस्ता बदलला होता, आणि या रस्त्यावर तोंडाचा कर्करोग बसलेला आहे.

तलफेची एक लाट चार-पाच मिनिटांची असते. दहा मिनिटं भराभर चालून या, परत येईपर्यंत लाट मागं पडलेली असते. हे प्रयोगांत तपासलेलं आहे, शिवाय फुकट आहे. सोडल्यावर काही दिवस खोकला वाढतो, तोही घाबरण्यासारखा नाही. फुप्फुसाच्या नळ्यांतली घाण झाडून काढणारे बारीक केस पुन्हा कामाला लागलेले असतात. खोकला दोन आठवड्यांच्या पुढं गेला किंवा रक्त पडलं तर मात्र थुंकी तपासून घ्यायची, बिडी ओढणाऱ्याला क्षयाचा धोका तसाही जास्त.

बोलायला माणूस हवा असेल तर 1800-11-2356 हा पाकिटावर छापलेला क्रमांक फुकट आहे, मराठीतूनही बोलतात. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्तीचं केंद्र असतं, तिथं समुपदेशन होतं.

तात्या बासष्टचे. त्यांचा खरा प्रश्न होता, आता सोडून काय मिळणार? ब्रिटनमध्ये 1951 पासून चौतीस हजार पुरुष डॉक्टरांचा माग पन्नास वर्षं ठेवला गेला. आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळपास सगळी वाचवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन. "तीन सोयाबीन म्हणजे," तात्या म्हणाले. आमच्याकडे वर्षं अशीच मोजतात.

त्यांनी आषाढीला सोडली. दिवाळीत एका लग्नाच्या बोलणीत चार ओढल्या, दुसऱ्या दिवशी काकूंना स्वतःहून सांगितलं आणि च्युइंगम परत सुरू केलं. मागच्या महिन्यात मी पुन्हा त्यांच्यासोबत त्याच गाडीत होतो. मांजरसुंब्याचा घाट उतरताना हात खिशाकडे गेलाच. खिशातून बडीशेपेची पुडी निघाली. बीडच्या स्टँडात काकू पाणी आणायला उतरल्या, तात्या जागेवरच बसून राहिले, खिडकीतून फाटकाकडे बघत.