उद्यम नोंदणी की स्टार्टअप मान्यता: खानदेशातल्या कारखानदाराला कुठली लागते?

सावद्याला केळीचे वेफर्स तळणारा आणि केळीच्या खोडातून धागा काढायचं नवं यंत्र बनवणारा, दोघांनाही उद्योजक मेळाव्यात सल्ला एकच मिळतो: "स्टार्टअपचं सर्टिफिकेट काढून घ्या, फायदा होतो." वेफर्सवाल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्याच्या कामाची आहे ती उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद. बहुतेकदा ती त्याच्याकडे असतेही, पण बँकेने मागितली म्हणून काढलेली आणि कर्जाच्या फायलीत पडून राहिलेली.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. तिथे बघतात तो धंद्याचा आकार: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वर्षाची उलाढाल. एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु. आजोबांच्या काळची दाळमिल असो की एकट्याच्या नावावरचा चटईचा कारखाना, दोन्ही चालतात. आधार आणि पॅनवर काम होतं, तेही फुकट. तरी लोक एजंटला पैसे मोजतात, त्याला काय म्हणायचं?

स्टार्टअप मान्यतेचं गणित वेगळं. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया योजनेत केंद्राचा उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग ती देतो. तुमच्या मालात किंवा पद्धतीत नवं काय, नाहीतर धंदा झपाट्याने वाढून रोजगार देईल का, हे तिथे विचारतात. एकट्याच्या मालकीचा धंदा (प्रोप्रायटरशिप) चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), नोंदणीकृत भागीदारी किंवा सहकारी संस्था लागते. धागायंत्रासारखी सर्वसाधारण कंपनी असेल तर वय दहा वर्षांच्या आत हवं. जुनाच धंदा फोडून नवी पाटी लावली, तर तेही बसत नाही.

मान्यता मिळाली की आयकर माफ, हा समज तर घट्ट बसलाय. तीन वर्षांच्या करसवलतीसाठी आंतर-मंत्रालयीन मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. २०२१ च्या सीड फंडाचे, म्हणजे सुरुवातीच्या भांडवलाच्या योजनेचे, पैसेही नुसतं सर्टिफिकेट दाखवून मिळणारे नव्हते, निवड इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या धंद्यांना पाठबळ देणाऱ्या संस्थेमार्फत व्हायची. आणि ज्या पेटंट-ट्रेडमार्कच्या फी-सवलतीसाठी लोक स्टार्टअपच्या मागे लागतात, ती सूक्ष्म-लघु उद्योगालाही आहेच. ऑनलाइन ट्रेडमार्क अर्जाला ९,००० ऐवजी ४,५०० रुपये, दोघांनाही.

उद्यमची खरी ताकद मात्र वसुलीत आहे, आणि आपल्याकडे तिच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं. समजा, जळगाव एमआयडीसीतल्या चटईवाल्याने सुरतेच्या पार्टीला माल पाठवला. पार्टी म्हणते, नव्वद दिवसांनी बघू. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ते बसत नाही. लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते, ती थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे जाते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदत उलटून वर्षअखेरही थकलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, म्हणून मार्चअखेर त्याचाच सीए त्याच्या मागे लागतो. नुसत्या स्टार्टअप मान्यतेत यातलं काही नाही.

यात एक मेख आहे. नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी उद्यम नोंदणी करू शकतो, पण नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला २०२१ पासून मिळतो तो फक्त अग्रक्रम कर्जाचा, म्हणजे बँकांनी ठरावीक क्षेत्रांना प्राधान्याने द्यायच्या कर्जाचा लाभ. ४५ दिवसांचं संरक्षण त्याला नाही. मिरची दळून पावडर विकणारा मात्र उत्पादक ठरतो. लघुच्या मर्यादेपलीकडच्या मध्यम उद्योगालाही हे संरक्षण नाही.

धागायंत्रवाल्याने दोन्ही काढावीत, एकामुळे दुसरं अडत नाही. कंपनी आधी, मग स्टार्टअपचा अर्ज. पण पहिलं यंत्र गाडीत चढण्याआधी उद्यम क्रमांक हातात हवा आणि तो बिलावर छापलेला हवा. माल गेल्यावर नोंदणी केली, तर त्या जुन्या बिलासाठी परिषदेपुढे तारखेवरूनच वाद सुरू होतो.